तीन नंबरची पाचर

१

सकाळी सातला पाच कमी असताना कुंदन फोनचं कपाट उघडायचा. सातपूरच्या त्या शेडमध्ये शिरलं की डाव्या हाताला हजेरीचं टेबल होतं आणि त्याच्यावर भिंतीत ठोकलेलं हे पत्र्याचं कपाट. आत सहा खण, सहा प्रेस मशीनचे. प्रत्येक खणावर पांढऱ्या रंगानं नंबर घातलेला. माणसं आत येताना आपापल्या खणात फोन ठेवत. सगळे आले की कुंदन कुलूप लावून किल्ली पँटच्या खिशात टाकायचा, ती साडेतीनच्या भोंग्यापर्यंत बाहेर निघत नसे. नियम शेठचा होता, पण सुचवला होता कुंदननंच.

"भाऊ, बालवाडीत आणून बसवलं का आम्हाला?" चार नंबरवरचा कोंडाजी पहिल्या दिवशी म्हणाला होता.

"बालवाडीत बोटं तुटत नाहीत," कुंदन म्हणाला. 

कुंदनचं काम मशीनवर साचे चढवायचं. साचा नीट बसला की कामगार पत्र्याचे तुकडे एकामागून एक त्यात घालतो, वरचा ठोकळा खाली येतो आणि पत्र्याचा पीस होतो. वीस वर्षं तो हेच करत आला होता. कुठल्या मशीनचा ठोका कसा वाजतो हे त्याला पाठ होतं.

नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारी, चहाच्या सुट्टीत, शेड मोकळी असताना त्याला फोन थरथरल्याचा आवाज आला. घर्रर्र. थांबून परत घर्रर्र. त्यानं कपाटाच्या पत्र्याला कान लावला. कपाट गप्प होतं. आवाज पायाखालून येत होता. बुटाच्या तळव्यानं माग काढत तो तीन नंबरच्या मशीनपाशी गेला. ते ऑगस्टपासून बंद होतं. वायर काढून ठेवलेली, वर ताडपत्री. त्यानं ताडपत्रीखालून हात घालून लोखंडावर तळवा टेकला.

घर्रर्र.

कॉम्प्रेसर असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. मग त्याच्या लक्षात आलं की चहाच्या सुट्टीत कॉम्प्रेसर बंद असतो.

२

तीन नंबरवर धोंडीराम होता.

त्या मशीनला दोन हिरवी बटणं. दोन्ही एकदम दाबली तरच ठोकळा खाली येतो. दोन हात दोन बटणांवर असले म्हणजे साच्यात हात राहायचा प्रश्नच नाही, म्हणून ती सोय. पण तसं काम केलं की पीस कमी निघतात, आणि शेठला ते जास्त हवे असतात. त्यावर तोड कुंदननंच काढली होती. उजवं बटण दाबून त्याच्या फटीत बाभळीची पाचर बसवायची. मग डाव्या हातानं एकच बटण मारायचं आणि उजवा हात पत्रा घालायला मोकळा. पाचर सटकू नये म्हणून तो चाकूनं तिला आडवी खाच पाडायचा. सहाही मशीनना त्यानं स्वतःच्या हातानं पाचरी करून दिल्या होत्या.

हाताला काम पाठ झालं की डोळे रिकामे राहतात. धोंडीराम मशीनच्या कडेला फोन टेकवून ठेवायचा आणि बघत बघत काम करायचा. सगळेच तसं करत. कुंदनही. त्याच्या उजव्या हातात पाना असे म्हणून फोन डाव्या हातात, आणि डावा अंगठा दिवसभर वर सरकत असे.

त्या दिवशी धोंडीरामनं हाक मारली, "कुंदन, पीस अडकलाय. पाचर काढ रे जरा."

कुंदन पाच पावलांवर होता. फोनमध्ये कोणीतरी नारळ सोलत होतं. नारळच होता का हेही त्याला नंतर धड आठवेना.

"एक मिनिट," तो म्हणाला. मान वर केली नाही.

धोंडीराम थांबला नाही. त्यानं उजवा हात साच्यात घातला, नजर फोनकडे, आणि डावा हात सवयीनं बटणावर पडला. मशीनचा नेहमीचा ठोका कोरडा असतो. हा ओला होता.

ठोकळा खालीच अडकून बसला. मोठं चाक उलटं फिरवून तो वर घ्यायला चार माणसं लागली आणि चार मिनिटं. तेवढा वेळ धोंडीराम उभाच होता. ओरडला नाही. समोरच्या फोनमध्ये तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लागत होता आणि तो त्याच्याकडे बघत होता. ठोकळा उचलला तेव्हा खाली बोटं अशी नव्हतीच. रक्तानं माखलेल्या पत्र्यावर साच्याचा आकार स्वच्छ उमटला होता, आणि त्या आकारात सगळं बसलं होतं.

चौकशीला साहेब आले. पाचर कोणी लावली, असं त्यांनी विचारलं. "त्यानंच," कुंदन म्हणाला. दवाखान्यात धोंडीरामला विचारलं, तर तोही म्हणाला, "मीच लावली."

संध्याकाळी सगळे गेल्यावर कुंदननं मशीन धुतलं. मग स्वतःचा फोन त्याच साच्यात ठेवला, पाचर काढून फेकली, दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली. काच फुटली, निळसर ज्योत निघाली, सडका धूर झाला. त्यानंतर त्यानं फोन घेतला नाही. तीन नंबरवर दुसऱ्या दिवशी ताडपत्री पडली.

३

फोन गेल्यावर कुंदनला घर ऐकू यायला लागलं.

मोरीतला नळ गळत होता. पोळ्या लाटताना सुमन, त्याची बायको, तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणायची. लग्नापासूनची सवय असावी, त्याला आत्ता कळली. सकाळी देवळालीकडून तोफांच्या सरावाचे आवाज यायचे, लांबवर कोणीतरी गादी झोडपावी तसे. "हे कधीपासून?" त्यानं विचारलं, तर पल्लवी, त्याची कॉलेजात जाणारी मुलगी, हसायला लागली.

"पप्पा, मी जन्मले तेव्हापासून."

ती तिच्या कॉलेजातलं काही सांगायची आणि तो ऐकायचा. मधेच एखादा प्रश्न विचारायचा. एकदा ती बोलता बोलता थांबली आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. "तुम्ही खरंच ऐकताय," ती म्हणाली. त्या रात्रीचं पिठलं त्याच्या जिभेवर कितीतरी दिवस राहिलं.

जेवणानंतर सुमननं त्याचा डावा हात उजेडाकडे वळवून धरला.

"अंगठ्याला काय झालंय? कातडी गेली की."

अंगठ्याचं टोक लालबुंद झालं होतं, घासून घासून व्हावं तसं.

"पॉलिश पेपर," तो म्हणाला. पण त्या आठवड्यात त्यानं पॉलिश पेपर हातात घेतला नव्हता.

४

धोंडीरामच्या जागी त्याची मुलगी घ्यायची असं शेठनं ठरवलं. भाग्यश्री सिन्नरच्या बाजूनं पहाटेची बस धरून आली. बावीस वर्षांची, केस घट्ट बांधलेले, डब्याच्या पिशवीला सेफ्टी पिन. तीन नंबरची ताडपत्री तिच्यासाठी निघाली.

"अण्णा म्हणाले, कुंदन हाय तिथं, काळजी नाय," ती म्हणाली.

"कसे आहेत अण्णा?"

"बरे हायेत. डाव्या हातानं जेवत्यात आता. लय सांडतं, मग चिडत्यात." तिनं फोन तीन नंबरच्या खणात ठेवला. "काका, एक विचारू? ते रोज म्हणतात, मशीननं हात खाल्ला पण फोन नाय सोडला. म्हंजे काय ओ?"

"काही नाही. जखमेच्या तापात माणूस बोलतो."

कुंदननं तिला दोन बटणं दाखवली. दोन हात, दोन बटणं. पाचरीचा विषयच काढला नाही. ती कामाला लागली, आणि तिचे लहान, खरबरीत हात पाहताना त्यानं मनाशी एकच गोष्ट पक्की केली. रोज साडेतीनला हे दोन्ही हात सिन्नरच्या बसमध्ये बसले पाहिजेत. बाकी काही नाही झालं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सगळ्यांच्या आधी येऊन तीन नंबरपाशी गेला. उजव्या बटणात पाचर होती.

बाभळीची, ताजी, आडव्या खाचेची.

५

त्यानं ती काढून टेबलाच्या खणात टाकली. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी एक. शनिवारपर्यंत खणात पाच झाल्या. पाचही सारख्या, खाच एकाच चाकूची. त्याचा चाकू त्याच खणात होता. त्यानं पातं पाहिलं, त्याला साल चिकटलेली होती.

हे कोंडाजीचं काम, असं कुंदनच्या डोक्यानं घेतलं. कपाट झाल्यापासून तो टोमणे मारत होता, आणि त्याला पाचर करायला कुंदननंच शिकवलं होतं. सोमवारी हात धुवायच्या नळापाशी त्यानं कोंडाजीची गचांडी धरली आणि त्याला भिंतीवर आपटलं. एकदा, मग परत एकदा. कोंडाजीच्या भुवईवर फुटलं, रक्त पापणीवरून खाली आलं.

"पोरीचा हात घालवायचाय का तुला? बापाचा गेला तेवढा पुरला नाही?"

कोंडाजीनं उलटा हात उगारला नाही. डोळ्यातलं रक्त पुसलं आणि कुंदनकडे नवल केल्यासारखा पाहत राहिला.

"कुंदनभाऊ, तुला बरं नाय का? आठ दिवस झाले, हाका मारतो, तू वर बघत नाय. उभा राहतो नुसता मान घालून. शनिवारी पाय अडकून पडलो तुझ्या समोर, तुला पत्ता नाय."

"मी? माझ्याकडे तर फोनसुद्धा नाही."

"तेच म्हणतो," कोंडाजी म्हणाला. "मग बघतोस काय?"

कुंदननं हात सोडला. भिंतीवर मागे लाल बोटभर ओघळ राहिला. हा खोटं बोलतोय, त्यानं ठरवलं. आपण सगळं पाहतोय. किती पाहतोय, हे ह्या माणसांना कळायचं नाही. नळाचं पाणी, तोफा, सुमनचं गुणगुणणं, सगळं. आणि त्याच वेळी मांडीवर, पँटच्या रिकाम्या खिशात, काहीतरी थरथरलं.

त्यानं पाहिलं नाही. आजपासून नजर तीन नंबरवरून हलवायची नाही, एवढंच त्यानं ठरवलं.

६

बुधवारी चहानंतर तो भाग्यश्रीच्या उजव्या अंगाला उभा राहिला. कडक ऊन, पण शेडमध्ये गारठा. ती काम करत होती. पत्रा, दोन हात, ठोका. पत्रा, दोन हात, ठोका. तो फक्त हात पाहत होता. इतकं नीट त्यानं आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. करंगळीवरचा जुना चटका. नखातलं काळं तेल. ठोका बसताना मनगटावरची बांगडी किती सरकते, तेही.

खिशात घर्रर्र सुरू झालं. थांबलं. परत झालं. कोणीतरी बोलावत होतं, आधी लाडीगोडीनं, मग रागानं. थरथर मांडीतून कमरेत चढली, दातांपर्यंत आली. बघू नकोस, तो स्वतःला म्हणाला. हात बघ.

ठोके थांबले. पीस अडकला होता. भाग्यश्री वाकली आणि तिनं उजवा हात साच्यात घातला.

तेव्हा तो आला. उजवीकडून, सावकाश. मनगटापर्यंतचा पुरुषी हात, तेलकट, बोटांत पाचर धरलेली. मनगटाच्या मागे काय होतं ते पाहायला कुंदनला नजर वळवावी लागली असती, आणि तीच तर वळवायची नव्हती. हातानं पाचर बटणाच्या फटीत बसवली. अंगठ्यानं दाबून घेतली, सरावाच्या माणसानं घ्यावी तशी. मग तो साच्याकडे निघाला, तिच्या बोटांकडे.

कुंदननं खांद्यानं तिला धडक दिली. ती मागे पत्र्यांच्या थप्पीवर कोसळली. त्यानं साच्यात हात घालून तो हात पकडला. तो गार होता, आणि खरा होता. त्यानंही कुंदनचा हात धरला, खूप दिवसांनी भेटलेल्या दोस्तानं धरावा तसा, आणि सोडला नाही.

ठोका ओला होता.

पहिल्यांदा काही दुखलं नाही. हाडं मोडल्याचा आवाज दुसऱ्याच कोणाचा वाटला. तोंडावर गरम शिंतोडे आले. भाग्यश्री किंचाळत होती, कोंडाजी "चाक, चाक उलटं फिरवा" म्हणून ओरडत होता, आणि कुंदन तिच्या हातांकडे पाहत होता. दोन होते. दहाही बोटं होती.

७

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याला नीट शुद्ध आली. उजवा हात मनगटाशी संपला होता, वर कापसाचा बोळा. उशाशी प्लास्टिकच्या पिशवीत त्याचे कपडे होते, रक्तानं कडक झालेले. पण त्याला आतून हलकं वाटत होतं.

"भाग्यश्रीला काही झालं नाही ना?" त्यानं विचारलं.

"नाही, पप्पा. रोज तिचा फोन येतो मला," पल्लवी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. तिला आता तो वाचू शकत होता.

"काय आहे? दाखव."

"नको."

"दाखव, बाळा."

तिनं फोन समोर धरला. शेठनं शेडमध्ये नुकत्याच बसवलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण होतं, कोणीतरी सगळीकडे पाठवलेलं. वरून दिसणारी शेड, तीन नंबर, भाग्यश्री. तिच्या उजवीकडे तो स्वतः.

मान खाली. डावा तळवा छातीशी धरलेला, रिकामा. तो तळव्यात पाहत होता आणि अंगठा वर सरकत होता. वर, वर, वर. भाग्यश्री दोनदा त्याच्याकडे वळून काही बोलली. त्यानं मान उचलली नाही. कोपऱ्यात वेळ पळत होती. अकरा मिनिटं तो तसाच उभा होता. मग त्याचा उजवा हात खिशात गेला, पाचर घेऊन बाहेर आला आणि चाचपडावंही न लागता त्यानं ती बटणाच्या फटीत बसवली. मान खालीच. मग एकदम तो उसळला, पोरीला लोटलं आणि तोच उजवा हात साच्यात घातला. साच्यात काही नव्हतं. डावा अंगठा शेवटचा एकदा वर सरकला आणि हिरव्या बटणावर येऊन टेकला.

पल्लवीनं फोन उलटा केला. "डॉक्टर म्हणतात ताण असेल. मी चहा आणते तुम्हाला."

"फोन ठेवून जा. भाग्यश्रीला लावून दे."

म्हणजे सगळं आपणच करत होतो. त्याला जवळजवळ सुटल्यासारखं वाटलं. आपण इथे पडलोय म्हणजे तिकडे आता पाचर लागणार नाही. तिला एवढंच सांगायचं, की टेबलाच्या खणातल्या पाचरी जाळून टाक. पल्लवीनं नंबर लावून फोन त्याच्या डाव्या हातात दिला आणि ती गेली.

"काका?" भाग्यश्रीचा आवाज, आणि मागे ठोके. कोरडे, एकामागून एक, भराभर. दोन हातांनी इतके भराभर पडत नाहीत. "कसं वाटतंय ओ? अण्णा सकाळपासून विचारतायत."

"तू कुठे आहेस?"

"मशीनवर. शेठ म्हणाले, माल द्यायचाय."

"आणि फोन? कपाट?"

"किल्ली तुमच्यापाशीच राहिली ना. कुलूप तोडून फोन काढले, दुसरं लागलंच नाय." ती हसली. "खांद्यावर धरलाय, मानेनं. दोन्ही हात मोकळे हायेत, घाबरू नका."

कुंदननं पिशवीकडे पाहिलं. रक्तानं कडक झालेल्या पँटच्या खिशाला किल्लीचा उंचवटा होता.

"भाग्यश्री, बटणात पाचर आहे का?"

"हाय की. सकाळी आले तर लागलेलीच व्हती. म्हटलं, तुम्हीच कोणाला तरी सांगितलं असंल."

"काढ ती. आधी काढ."

"काढते, काढते. पीस अडकलाय वाटतं, एवढा निघू दे." ठोके थांबले. "एक मिनिट, काका."

तो थांबला. कोपऱ्यातल्या खाटेवर कोणी खोकलं. सलाइनचा थेंब पडला, मग दुसरा. खिडकीबाहेर त्र्यंबक रस्त्यावरून बस गेली. ती आता बोलेल, काढली म्हणेल. तो कान देऊन ऐकत होता, फक्त ऐकत होता. अर्धं मिनिट झालं असेल.

"पप्पा," दारातून पल्लवी म्हणाली. तिच्या हातातल्या कपातून चहा सांडत होता. "पप्पा, फोनमध्ये कोण ओरडतंय?"

त्यानं खाली पाहिलं. फोन कानाला नव्हता. तो छातीशी, डाव्या तळव्यात होता. पडद्यावर कोणीतरी नारळ सोलत होतं. त्याचा अंगठा वर सरकत होता. पडद्याच्या वरच्या कडेला, हिरव्या पट्टीत, भाग्यश्रीचं नाव आणि चालू कॉलची वेळ होती. तेरा मिनिटं. त्यांचं बोलणं दोनच मिनिटांचं झालं होतं. आणि आतून, लांबून, कोंडाजीचा आवाज येत होता, चाक उलटं फिरवा, अरे फिरवा लवकर.

पल्लवीनं फोन घ्यायला हात पुढे केला. लहान, स्वच्छ हात.

"एक मिनिट," कुंदन म्हणाला.